अकरा दिवस मिटून बसलेले प्रवाळ

देवगडहून तुम्ही विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. अडीचशे लिटरची, खाऱ्या पाण्याची शोभेची टाकी, वय नऊ महिने. अकरा दिवसांपूर्वी चार दगडी प्रवाळ आले: एक हॅमर, एक अकॅन, एक मॉन्टिपोरा डिजिटाटा आणि एक अ‍ॅक्रोपोरा. मुंबई विमानतळ, तिथून रात्रीची गाडी, म्हणजे पिशवीत तीस तासांच्या वर. हॅमर दिवसभर मिटलेला असतो. मॉन्टिपोरा फिका पडत चाललाय. अ‍ॅक्रोपोरा बुडापासून पांढरा होतोय. अकॅन त्यातल्या त्यात बरा आहे. पाण्याचं तापमान सकाळी २६.८ आणि संध्याकाळी २९.५ अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्लता सोसायची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात) ११ डीकेएच, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. तिसऱ्या दिवशी रंग यावा म्हणून दिवा वाढवलात. हॅमरची जागा चारदा बदललीत. सगळ्यांना तीन वेळा औषधी पाण्यात बुडवून काढलंत. आता विचारताय, अमिनो आम्लं सुरू करू का, आणि आणखी एक डिप देऊ का.

दोन्ही नको. टाकीत नवीन काही घालायची गरज नाही, घातलेलं थोडं मागे घ्यायचंय. चारपैकी तीन प्रवाळ वाचतील असं तुमच्या वर्णनावरून मला वाटतं. चौथ्याचं, म्हणजे अ‍ॅक्रोपोराचं, आज रात्रीच काहीतरी करावं लागेल. तिथूनच सुरुवात करू.

मी वेंगुर्ल्याचा. बारा वर्षं दुबईत घरांतल्या आणि हॉटेलांतल्या समुद्री टाक्या सांभाळायचं काम केलं, आता गावी परत येऊन सात वर्षं झाली. नवीन आलेला प्रवाळ मेला, तर बहुतेक वेळा प्रवासाचं नाव घेतलं जातं. मी पाहिलंय ते असं, की प्रवासातून तो अर्धमेला येतो खरा, पण जीव जातो पुढच्या तीन आठवड्यांत, आपण काळजीपोटी केलेल्या हालचालींनी. आपल्याकडे तरवा लावल्यावर भात आठवडाभर पिवळट दिसतं. मुळं धरली की हिरवं होतं. रोज एक आवा उपटून मूळ फुटलं का, हे कोणी बघत नाही. तुम्ही हॅमर चारदा उचललात, ते नेमकं तसं झालं.

आता पांढरं म्हणजे काय ते नीट बघा, कारण तुमच्या टाकीत दोन वेगळ्या प्रकारची पांढरेपणं आहेत आणि दोघांचे उपाय वेगळे. दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च घ्या. काचेशी तिरपा प्रकाश धरा आणि दुसऱ्या हातात भिंग. मॉन्टिपोराच्या फांदीवर बारीक बारीक खड्डे दिसतील. त्यांतून केसाएवढी तोंडं बाहेर आलेली असतील आणि पांढऱ्या सांगाड्यावर काचेसारखा, ओलसर चकाकणारा पातळ पापुद्रा दिसत असेल, तर प्रवाळ जिवंत आहे. त्याने आपल्या मांसातली सूक्ष्म शेवाळं, म्हणजे झूझॅन्थेली, बाहेर टाकलीत, एवढंच. याला ब्लीचिंग म्हणतात. प्रवाळाला लागणारी बरीचशी ऊर्जा ही शेवाळंच पुरवतात. ती गेली की तो उपाशी असतो, पण मेलेला नसतो, आणि परिस्थिती सुधारली तर शेवाळं परत वाढतात.

दुसरं पांढरेपण कोरडं दिसतं. चकाकी नाही, पापुद्रा नाही, खडूसारखा खरखरीत सांगाडा उघडा पडलेला. तिथे मांस उरलेलंच नाही. जिवंत आणि मेलेल्या भागामध्ये एक स्पष्ट रेघ दिसते. चार दिवसांनी त्या उघड्या भागावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढलं, की शंका उरत नाही. तुमच्या अ‍ॅक्रोपोराचं वर्णन मला असंच वाटतंय.

रेघ रोज दोन-तीन मिलिमीटर वर सरकत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. नवीन, तेल न लागलेला साइड कटर घ्या. रेघेच्या वर निदान एक सेंटिमीटर सोडून, पूर्ण निरोगी रंगाच्या भागात फांदी कापा. अगदी रेघेवर कापाल तर झीज वरच्या तुकड्यातही चालूच राहते. कापलेला तुकडा सायनोअ‍ॅक्रिलेटच्या घट्ट जेलने नवीन प्लगवर, म्हणजे प्रवाळ चिकटवायच्या छोट्या बैठकीवर, बसवा. पातळ फेविक्विक ओघळतं, जेलच घ्या. प्लग वाळूजवळ, मंद उजेडात, पण पाणी हलतं राहील अशा जागी ठेवा. मूळ बुडखा टाकीत ठेवू नका. एकाच वेळी दोन-तीन टोकं काढता आली तर उत्तम, एक गेलं तरी दुसरं राहील. मात्र काही तासांत सगळ्या फांदीवरून मांस सालीसारखं सुटायला लागलं, तर कापूनही फारसं हाती लागत नाही. तेव्हा तो तुकडा बाहेर काढून बाकीच्यांना वाचवायचं.

कापण्याआधी एक तपासणी करा. सुईशिवायची मोठी सिरिंज टाकीच्याच पाण्याने भरा आणि अ‍ॅक्रोपोराच्या बुडाशी, फांद्यांच्या खालच्या बाजूला जोरात फवारा मारा. पारदर्शक, तिळाएवढे चपटे तुकडे सुटून पाण्यात वळवळत गेले, तर ते अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे आहेत. मांसावर गोल फिकट डाग असतील तर ते त्यांच्या खाण्याच्या खुणा. डिपने किडे सुटतात, अंड्यांना काही होत नाही. अंडी असतात मेलेल्या सांगाड्यावर, बुडाशी, आणि म्हणूनच जुना प्लग आणि बुडखा टाकीबाहेर काढायचा. किडे सापडले तरच डिप पुन्हा द्यायचा, तोही आठवड्यातून एकदा, निदान सहा आठवडे, फक्त अ‍ॅक्रोपोराला. सापडले नाहीत तर डिपची बाटली कपाटात ठेवा. अकरा दिवसांत तीन डिप म्हणजे आजाऱ्याला दर तीन दिवसांनी जुलाब देण्यासारखं आहे.

आता पाण्याकडे वळतो. तुमच्या सगळ्या आकड्यांमध्ये मला सर्वांत जास्त खटकलेली जोडी आहे अल्कलिनिटी ११ आणि पोषणद्रव्यं शून्य. खुल्या समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच असते. टाकीत आपण ७.५ ते ९ च्या दरम्यान ठेवतो आणि ते पुरतं. अल्कलिनिटी जास्त ठेवली की सांगाडा भराभर बनवायची घाई होते. वर मांस चढवायला मात्र नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि तुमच्या पाण्यात तोच नाही. मग टोकं जळल्यासारखी पांढरी होतात, मांस पातळ पडतं, रंग उडतो. शून्य नायट्रेट-फॉस्फेट म्हणजे स्वच्छ पाणी, असा समज अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. शून्यावर प्रवाळ उपाशी राहतो. शिवाय त्या रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजलेट येतात, बुडबुडे धरणारा तो चिकट तपकिरी थर, आणि तो एकदा आला की महिनोन् महिने जात नाही.

म्हणून फॉस्फेट शोषणारे तपकिरी दाणे आजच फिल्टरमधून काढा. माशांना दिवसातून एकदा देत असाल तर दोनदा द्या. स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, बंद करू नका, गरमीच्या रात्री पाण्यात प्राणवायू तोच मिसळतो. फक्त त्याचा कप वर उचला, म्हणजे फेस कमी बाहेर पडेल. नायट्रेट ५ च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ यांमध्ये यायला दोन-तीन आठवडे लागतील, लागू द्या. अल्कलिनिटीचा डोस पूर्ण थांबवा. तुमचं मीठच १०-११ डीकेएचचं द्रावण देत असेल तर डब्यावर तसं लिहिलेलं असतं. पुढचा डबा ८ च्या आसपास देणाऱ्या मिठाचा घ्या आणि दर चार-पाच दिवसांनी दहा टक्के पाणी बदला. एका दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त उतरवू नका.

हा अर्ध्याचा आग्रह मी का धरतो ते सांगतो. दुबईत असताना एका घरची टाकी माझ्याकडे होती. दोन आठवड्यांच्या सुट्टीनंतर गेलो तर डोसिंग पंप अडकलेला, अल्कलिनिटी ६.५ वर आलेली. मी घाबरलो आणि एका रात्रीत सोडा घालून ती ९.५ वर नेली. आकडा बरोबर आला, मी समाधानाने घरी गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तीन वर्षं वाढवलेल्या अ‍ॅक्रोपोरावरून मांस ओल्या कागदासारखं सुटत होतं. ६.५ वर तो आठवडाभर जिवंत होता. त्याला मारलं एका रात्रीतल्या तीन अंकांच्या उडीने. तेव्हापासून नवीन प्रवाळ आला की मी महिनाभर रोज एकाच वेळी, सकाळी दिवे लागण्याआधी, अल्कलिनिटी मोजतो आणि वहीत लिहितो. कॅल्शियम ४२० च्या आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आहे का, हे आठवड्यातून एकदा बघितलं तरी चालतं. ते सावकाश बदलतात.

खारेपणा ३५ भाग प्रतिहजार, किंवा विशिष्ट घनता १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, आरओ पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, ३५ च्या तयार द्रावणाने जुळवून घ्या. मी पाहिलेल्या कित्येक 'गूढ' आजारांचं मूळ दोन-तीन अंकांनी चुकीचा रिफ्रॅक्टोमीटर होतं.

दिव्याबद्दल. तुमचा प्रवाळ आधी प्रवाळांच्या शेतातल्या एका उजेडात वाढला, मग तीस तास अंधारात राहिला, मग तुमच्या एलईडीखाली आला. अंधारातून आलेला प्रवाळ उजेडाला जास्त नाजूक असतो. त्याच्या आतली शेवाळं भर प्रकाशात नको तेवढा प्राणवायू आणि त्याची विषारी रूपं तयार करतात. ती सोसवेना की प्रवाळ शेवाळंच बाहेर काढतो. तुम्ही रंग यावा म्हणून दिवा वाढवलात आणि मॉन्टिपोराने उरलेला रंगही टाकला, त्याचं कारण हे आहे.

दिवा पहिल्या दिवशी होता त्याच्याही खाली आणा. कंट्रोलरवर टक्के कमी करता येत असतील तर सोपं आहे. नसतील तर मी वर्षानुवर्षं करतो ते करा. जुन्या मच्छरदाणीची पांढरी जाळी धुऊन टाकीच्या मापाने कापा आणि दिव्याखाली चार थर पसरा. दर पाच दिवसांनी एक थर काढा. तीन आठवड्यांत प्रवाळ पूर्ण उजेडात येतो. एखादा थर काढल्यावर पॉलिप, म्हणजे प्रवाळाची ती बारीक तोंडं, दोन दिवस आत राहिले, तर तो थर परत घाला. पारचा, म्हणजे प्रवाळातल्या शेवाळांना उपयोगी पडणारा प्रकाश मोजायचा, मीटर कोणाकडून मिळाला तर हॅमर आणि अकॅन ८० ते १२० मध्ये ठेवा. डिजिटाटाला पुढे १५० ते २५० आणि अ‍ॅक्रोपोराला २०० च्या वर लागेल. पण सुरुवात सगळ्यांची शंभराच्या आसपास. दिवस आठ तासांचा पुरे.

हॅमरची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे थोडा थांबतो, कारण सर्वांत जास्त हॅमर आणि टॉर्च नावाचे प्रवाळ मी हाताळणीने मेलेले पाहिलेत. त्याच्या सांगाड्याचं तोंड जवळून बघा. मधल्या फटीपासून कडेपर्यंत उभ्या, पातळ, ब्लेडसारख्या पट्ट्या असतात. मऊ मांस त्या पट्ट्यांवर नुसतं बसलेलं असतं. फुललेला हॅमर तसाच पाण्याबाहेर उचललात, तर पाण्याने भरलेलं मांस ओल्या फडक्यासारखं एका बाजूला लोंबतं आणि स्वतःच्याच सांगाड्यावर फाटतं. वरून काही दिसत नाही. चार दिवसांनी फाटलेल्या जागी कुजायला लागतं. उचलायचाच असेल तर आधी पाण्याखालीच हाताने हलकी लाट द्या, तो पूर्ण आत जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा, मग फक्त खालच्या दांड्याला धरा.

मिटलेला हॅमर जिवंत आहे का, हे कसं ओळखायचं? सांगाड्याच्या कडेखाली बाहेरच्या बाजूने सेंटिमीटरभर मांसाची झालर खाली उतरलेली असते. ती झालर शाबूत असेल आणि वरच्या पट्ट्या मांसातून बाहेर आलेल्या नसतील, तर तो नुसता मिटलाय. असा हॅमर तीन आठवडे मिटून पुन्हा फुललेला मी पाहिलाय. झालर वर वर सरकत असेल तर काळजी करा. आणि तोंडावर तपकिरी, जेलीसारखा, कुजका वास येणारा गोळा दिसला, तर क्षणभरही थांबू नका. पंप बंद करा, नळीने ती जेली टाकीबाहेर ओढून घ्या, ते डोकं वेगळ्या भांड्यात काढा आणि आयोडीनचा डिप बाटलीवरच्या मापाने द्या. ती जेली शेजारच्या डोक्यांवर उडाली तर त्यांनाही लागते.

जागा अशी निवडा की वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाचा, झोत थेट अंगावर येणार नाही. मांस वाऱ्यावरच्या भातासारखं डोलायला हवं, एका बाजूला दाबलं जाता कामा नये. रात्री त्याची लांब शुंडकं बाहेर येतात आणि शेजाऱ्याला डसतात, म्हणून भोवती निदान पंधरा सेंटिमीटर मोकळे ठेवा. जागा ठरली की एक महिना हात लावायचा नाही. अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोराला उलट जोरदार, पण दिशा बदलणारा प्रवाह लागतो. त्याशिवाय अंगावरचा चिकट थर धुऊन जात नाही.

एक रात्र जागून बघा. लाल प्लास्टिक लावलेल्या टॉर्चने, मध्यरात्री. माझ्या टाकीत एक टॉर्च प्रवाळ दोन महिने उघडेना. पाण्यात काही दोष सापडला नाही. शेवटी रात्री एक वाजता बघितलं, तर दगडातून बोटाएवढा खेकडा येऊन त्याच्या तोंडातलं अन्न ओढून काढत होता. खेकडा काढला आणि चौथ्या दिवशी प्रवाळ फुलला.

खाऊ घालायचं ते आता अकॅनला, तोच तयार आहे. दिवे गेल्यावर त्याची बारीक शुंडकं बाहेर आली, की मायसिसचा, म्हणजे गोठवलेल्या बारीक कोळंबीचा, एक छोटा तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा, सिरिंजने हळूच अंगावर सोडा. आठवड्यातून दोनदा. गिळायला अर्धा तास लागतो, तोवर माशांना आणि कोळंबीला दूर ठेवायला वर एखादी प्लास्टिकची वाटी उपडी घाला. हॅमर मिटलेला असताना त्याच्या तोंडात काही कोंबू नका. न खाल्लेलं तिथेच कुजतं. मॉन्टिपोराला हाताने भरवता येत नाही, माशांना दिलेलं जास्तीचं खाणं त्याच्यापर्यंत आपोआप पोचेल. अमिनो आम्लं दोन महिन्यांनी, वाटलीच तर.

उकाडा हा आपल्या किनाऱ्यावरचा खरा प्रश्न आहे. तुमचा सकाळ-संध्याकाळचा फरक जवळजवळ तीन अंशांचा आहे. तो एका अंशाच्या आत हवा आणि सरासरी २६ च्या आसपास. समुद्रातल्या प्रवाळाचंही गणित असंच नाजूक असतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त, आणि तेही काही आठवडे टिकून राहिलं, तर खडकच्या खडक फिके पडतात. १९९८ मध्ये जगभर तसं झालं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये चौथ्या जागतिक ब्लीचिंगची घोषणा झाली. पाण्यावर पंखा लावून पुण्यात चार अंश उतरतात. मे महिन्यात देवगडला हवाच इतकी दमट असते की पाणी पुरेसं उडत नाही, दोन अंशांपुढे पंखा हरतो. वर जेवढं उडतं तेवढा खारेपणा वाढतो. तुम्हाला चिलर लागेलच, आणि तो टाकीच्या मापापेक्षा एक पायरी मोठा घ्या. ठेवा पडवीत, घरात ठेवलात तर तो गरम हवा त्याच खोलीत फेकतो. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पंख्यामागची जाळी दोन वर्षांत खाल्ली जाते, म्हणून दर महिन्याला वीज काढून गोड्या पाण्याने ती हळुवार धुवा. चिलर येईपर्यंत दिवे दुपारी न लावता संध्याकाळी पाच ते रात्री एक असे लावा. निदान दिव्याची उष्णता भर दुपारच्या उकाड्यात मिसळणार नाही.

आणि पाऊस तोंडावर आलाय. २०२० चं निसर्ग चक्रीवादळ ३ जूनला आलं, २०२१ चं तौक्ते मेच्या मध्याला. तौक्तेत आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. बॅटरीवरचे दोन एअर पंप आणि एक जुना इन्व्हर्टर यांवर माझी टाकी तगली. दिव्याशिवाय प्रवाळ चार दिवस काढतो. न हलणाऱ्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात एक रात्रही काढत नाही. म्हणून बॅटरीवर दिवे टाकू नका, फक्त एक वेव्हमेकर आणि हवा. नवीन प्रवाळ असताना ही तयारी जूनच्या आत व्हायला हवी.

पाण्याबद्दल आणखी दोन गोष्टी, दोन्ही आपल्या घरांतल्या. आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं, पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवतंय ना, ते बघा. पावसाळ्यात गढूळ पाण्याने पहिला फिल्टर पंधरा दिवसांत तुंबतो. आणि ते पाणी तांब्याच्या हंड्यात किंवा पितळेच्या कळशीत कधीही साठवू नका. तांब्याचा अंश माशांना एकवेळ सोसतो, प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना नाही. तुम्ही लिहिलंय की आई पाणी हंड्यात भरून ठेवते. तो हंडा पिण्याच्या पाण्यासाठी राहू दे, टाकीसाठी प्लास्टिकचा पिंप आणा. डास मारायच्या अगरबत्त्या, फवारे आणि गणपतीआधीची रंगरंगोटी यांच्या वेळी एअर पंपाची आणि स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा. तो वास पाण्यात विरघळतो.

समोर समुद्र असताना मीठ विकत का घ्यायचं, असंही विचारलंत. पावसात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ खाडीतून थेट किनाऱ्यावर येतो, खारेपणा खूप उतरतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून रंगवल्या जातात, आणि होडीच्या बुडाला लावायच्या रंगात बहुधा तांबंच असतं. जेटीजवळचं पाणी म्हणूनच मी कधीच वापरत नाही. दिवाळीनंतर दूरवरचं स्वच्छ पाणी आणून वापरणारे आहेत. पण आजारी प्रवाळ असताना नको.

आता कागद. विक्रेत्याकडे आयातीचा परवाना आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याची प्रत आणि बिल तुमच्या घरात असायला हवं, आणि ते वन विभागाच्या कार्यालयात दाखवून खात्री करून घ्या. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ चं संरक्षण आहे, वाघाला आहे तेच. परदेशातून येणाऱ्यांवर साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ चं बंधन आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर, त्या गढूळ पाण्यात, पोराइटिस आणि गोनिअ‍ॅस्ट्रिया सारखे प्रवाळ अजून तग धरून आहेत. ओहोटीला तिथे गेलात तर बघा, पाय न ठेवता बघा. मेलेला तुकडाही उचलू नका. प्रवाळांच्या शेतात वाढवलेला, कागद असलेला फ्रॅगच, म्हणजे कापून वाढवलेला तुकडाच, घरात आणायचा, ही गोष्ट माझ्यासाठी पाण्याच्या कुठल्याही आकड्याच्या आधी येते. कोणी 'लोकल माल' स्वस्तात देतो म्हणाला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

पुढच्या दिवसांत काय दिसेल ते सांगून ठेवतो, नाहीतर परत हात टाकीत जाईल. पहिला आठवडा काहीच बदलणार नाही, कदाचित मॉन्टिपोरा आणखी फिका वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पॉलिप रात्री बाहेर येतील, मग दिवसाही. अकॅन किंवा हॅमर तपकिरी दोरे तोंडातून टाकताना दिसला तर घाबरू नका, जास्तीची शेवाळं टाकतोय. पांढरे बारीक धागे मात्र अंगातून बाहेर आले तर तो त्रासात आहे, त्या दिवशी पाण्याचे सगळे आकडे मोजा. महिना-दीड महिन्यात अ‍ॅक्रोपोराच्या तुकड्याच्या बुडाशी गोंदावर एक पातळ, फिकट कड पसरताना दिसेल, नखाच्या कडेएवढी. मी रंगापेक्षा त्या कडेची वाट बघतो. कड पसरली म्हणजे त्याने जागा धरली. रंग दोन ते चार महिन्यांनी येतो. मांस मागे सरकलेल्या जागी शेवाळ चढत असेल तर दोन ट्रोकस गोगलगायी सोडा, आणि झीज झालेल्या कडेवर गोंदाची पातळ रेघ ओढा, म्हणजे शेवाळ मांसात घुसणार नाही.

पाणी बदलताना काढलेलं पाणी आणि अ‍ॅक्रोपोराचा तो बुडखा खाडीत टाकू नका. तुमच्या टाकीत इंडोनेशियाचे, ऑस्ट्रेलियाचे सूक्ष्म जीव असू शकतात, ते आपल्या खाडीत जायला नकोत. बुडखा उन्हात पूर्ण वाळवून कागदांबरोबर डब्यात ठेवा. पाणी माडाच्या आळ्यात ओता. माडाला आपण मीठ घालतोच, तो सोसतो. हापूसच्या कलमाजवळ मात्र एक बादलीही नको.